बाबांचे हात

बाबांचे हात हवेतच थिजले. पडद्यावरचं चित्र अडकलं, आणि सुटलं तेव्हा दोनच शब्द हाती लागले: येऊ नकोस.

"झालं! पुन्हा तेच," म्हणत त्याने कॉल तोडला.

बायको ऐकेना. "नेटवर्क इंजिनिअर ना तू? जगाच्या लाइनी दुरुस्त करतोस. आधी ही नीट कर, मग खुशाल रुसून बस."

बाबा सुतार. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, लिहिण्या-वाचण्याशी जेमतेम ओळख. त्यांची भाषा हातांची. आई गेल्यावर घरात ती या बापलेकांपुरतीच उरली होती. म्हणून सूनही हातांनी बोलणारी हवी, हा त्यांचा हट्ट. याने मात्र ही, तोंडाने अखंड बोलणारी केली. लग्नानंतर लगेच व्हिडिओ कॉलवर 'घरी येऊ का?' म्हणून विचारलं, तर अडखळत्या चित्रात समोरून 'येऊ नकोस.' ते जिव्हारी लागलं. तेव्हापासून अबोला. आज बायकोने भरीस घातलं म्हणून कॉल लावला, तर हे असं.

धुसफुसतच तो बाबांच्या घरातल्या लिनक्स सर्व्हरमध्ये शिरला. बाबांना दारावरची बेल ऐकू येत नाही, म्हणून त्यानेच तिथे कॅमेरे बसवले होते. घरातलं सगळं इंटरनेट त्या छोट्या यंत्रातूनच जायचं. लाइनवरची रहदारी पाहिली आणि त्याने कपाळावर हात मारला. कॅमेऱ्यांचं चित्रीकरण साठवणीसाठी बाहेर जात होतं आणि सारी लाइन तेच खात होतं. कॉलला उरलंसुरलं.

"दारात कोण आलंय ते दाखवायच्या नादात," तो पुटपुटला, "घरातल्या माणसाचेच हात बांधून ठेवलेत मी."

त्याने नवा नियम लावला. आधी कॉल, कॅमेरे मागाहून.

बाबा पुन्हा पडद्यावर आले. आता मनगटावरचा लाकडाचा भुसासुद्धा दिसत होता. त्याने भीत भीत विचारलं, 'येऊ का?'

बाबा वैतागले. मठ्ठ पोराला शिकवावं तसे त्यांनी हात सावकाश हलवले. या वेळी एकही हालचाल गळली नाही.

त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. तो हसायला लागला, आणि डोळे पुसायलाही.

"अरे, काय म्हणाले ते?" बायको कासावीस झाली.

"म्हणाले, एकटा येऊ नकोस."