एकोणीस सेकंद

साहेबांनी म्हातारबुवांना तिच्या टेबलाकडे पाठवलं आणि स्वतः नेमक्या तेव्हाच आठवलेल्या एका मीटिंगला निघून गेले. ऑफिसात तिला सगळे सेकंदवाल्या बाई म्हणत. शहरातला कुठला सिग्नल किती वेळ हिरवा ठेवायचा, हे तिच्या गणितावर ठरायचं.

म्हातारबुवांचं आयुष्य लेथ मशीनवर गेलेलं, त्यामुळे ते मोजूनमापून बोलत होते. दवाखान्यापुढच्या चौकात पायी रस्ता ओलांडायला आधी अठ्ठावीस सेकंद मिळायचे, आता एकोणीस. गुडघे गेलेल्या बायकोला पंचवीस लागायचे. गेल्या महिन्यात ती मध्येच राहिली आणि गाडीखाली आली. त्यांना भरपाई नको होती, कुणाला शिक्षाही नको होती. तिथून रोज तिच्यासारखी माणसं जातात, त्यांच्यासाठी ते नऊ सेकंद परत हवे होते.

 सवयीने ती म्हणाली की, कुठलाही बदल आधी कॉम्प्युटरवर तपासतात, आणि तिने तो चौक उघडून दाखवला. गाड्यांच्या चौकटी, माणसांचे ठिपके. हजार वेळा तपासलं होतं, एकही अपघात नव्हता. गाड्यांचा खोळंबा मात्र निम्म्यावर आला होता आणि साहेबांनी त्यावर पाठ थोपटून घेतली होती.

म्हातारबुवा चष्मा सावरून बघत राहिले. एक ठिपका बाकीच्यांच्या मागे पडला. माणसांचा दिवा लाल झाला, गाड्या सुटल्या आणि ठिपका दिसेनासा झाला.

"ही कुठे गेली?" त्यांनी विचारलं.

 तो नियम तिनेच घातला होता. वेळ संपल्यावर रस्त्यात उरलेला ठिपका पुसून टाकायचा, नाहीतर मागे गाड्या तुंबतात आणि गणित अडकून पडतं. तात्पुरता म्हणून घातला आणि काढायचा राहून गेला. याच गणितावर आता शहरातले एकशे चाळीस चौक चालत होते. तिला स्वतःची भयंकर शरम वाटली.

"आजोबा, जे पोचत नाहीत त्यांना मी पुसून टाकते," ती कशीबशी म्हणाली. "म्हणून अपघात दिसत नाहीत. चूक माझी आहे. आजच लेखी देते."

त्यांनी मान हलवली, पण स्क्रीनवरून नजर काढली नाही. बंद करायला तिने हात पुढे केला, तसा त्यांनी तो हळूच बाजूला सारला.

"राहू द्या जरा. पलीकडे कुठे निघते का, बघतो."