दीपगृहाचं भिंग

समुद्राने कडा पोखरला होता. दीपगृह केव्हा आडवं होईल याचा नेम नव्हता. निदान त्याचं भिंग तरी संग्रहालयासाठी वाचावं म्हणून ती जिवाचं रान करत होती. मदतीला बाबा होते. उभा जन्म त्यांनी इथला दिवा राखला होता. लहानपणी तिने भिंगाला नुसतं बोट लावलं तरी ते खेकसायचे.

मनोऱ्याच्या माथ्यावर दोघांनी भिंग क्रेनच्या हुकाला टांगलं, ते कठड्याबाहेर गेलं, आणि खालून कडाडकन आवाज आला. जिना कोसळला. मनोरा समुद्राकडे कलला.

"भिंग सोडा! हुकाला धरून दोघं उतरा!" क्रेनवाला ओरडला.

"नको, बाबा! दीडशे वर्षांचं आहे ते!"

"आणि तू?" म्हणत बाबांनी साखळीची खीळ उपसली. खाली खडकावर भिंगाचा चक्काचूर झाला. त्यांनी तिला हुकाला बांधलं आणि स्वतः तिला घट्ट धरून लोंबकळले. दोघांचे पाय जमिनीला लागतात न लागतात तोच मनोरा पाण्यात गेला.

संग्रहालयात भिंगासाठी बांधलेला चौथरा आजही रिकामा आहे. ते कुठे गेलं, असं कोणी विचारलं, की ती मान ताठ करून सांगते, "माझ्या बाबांनी फोडलं."