मागचा पाइप

“मागच्या पाइपाला हात लावायचा नाही,” गोविंदराव म्हणाले. “बाकी घर कितीही बघा.”

अमृतानं तोंडाशी नेलेला चहाचा कप खाली ठेवला.

नल्लकुंट्यातलं हे घर तिला आणि तिच्या नवऱ्याला, वरुणला, पहिल्या भेटीतच आवडलं होतं. तारनाक्याची तिची प्रयोगशाळा इथून जवळ. तिला सातवा महिना लागला होता. बाळ यायच्या आत भाड्याची जागा सोडून इथं यायचं, आज फक्त होकार द्यायचा. तो घ्यायला गोविंदरावांचा मुलगा विकास गच्चीबौलीहून आला होता. घर त्याच्या नावावर होतं. ते विकून तो इथं राहणाऱ्या आईवडिलांना आपल्या फ्लॅटवर नेणार होता.

गेल्या खेपेला गोविंदरावांनी अमृताला एवढंच विचारलं होतं, काय शिकलीस म्हणून. रसायनशास्त्र, असं ती म्हणाल्यावर “बरं” म्हणून त्यांनी पेपर उघडला होता.

“का नाही लावायचा, काका?”

“जुना आहे. मोडेल.”

“बाबा, उगी परेशान करू नका त्यांना,” विकास म्हणाला. “लोखंडी पाइप आहे, मॅडम. यांच्या अशा बोलण्यानंच मागची पार्टी पळाली. अंगणात नागाचं वारूळ आहे म्हणे, ते पाडायचं पाप कोण घेणार. मी याच घरात वाढलो, मला तर कधी दिसलं नाही.”

“तुला दिसतं काय?” गोविंदराव म्हणाले.

अमृता पर्स घेऊन उठली. घर बघायला जाताना नळ-पाइप तपासायला ती चुंबक बरोबर ठेवायची.

“झालं, निघाली लॅब,” वरुण पुटपुटला. “तुला घर नापास करायचंय, सरळ सांग ना.”

ती मागच्या दाराकडं वळली. गोविंदराव दाराशी आडवे उभे होते. विकासनं त्यांना बाजूला व्हायला लावलं.

मागचं अंगण झाडून लख्ख होतं. वारूळ कुठंच नव्हतं. कोपऱ्यात घमेलंभर माती तेवढी होती. पाइप जमिनीतून वर येऊन स्वयंपाकघराच्या भिंतीत शिरला होता. भिंतीपलीकडं गोविंदरावांच्या पत्नी सुशीलाबाई नळाचं पाणी भरत होत्या; बादलीत पडणारी धार इथपर्यंत ऐकू येत होती.

अमृतानं पाइप मुठीत धरून पाहिला. उन्हानं चांगला तापला होता. तिनं चुंबक लावलं. ते चिकटलं नाही, निसटून पायरीवर पडलं. मग तिनं किल्लीनं वरचा काळपट थर खरवडला. किल्ली मेणात जावी तशी रुतली आणि आत चांदीसारखा पट्टा चमकला.

“शिसं,” ती म्हणाली.

विकास उकिडवा बसला आणि त्या पट्ट्याकडं बघत राहिला. “हा पाइप... बाबा, हा इथं कधी...”

“तू इथं राहतोस कुठं, तुला कळायला?”

“पाइप काय, बदलता येतो,” वरुण म्हणाला.

“बदला की,” गोविंदराव म्हणाले. “हा दिसतो तेवढा. बाकीचा फरशीखाली कुठून कुठं गेलाय, ते घालणाऱ्यालाच ठाऊक. तो वारला.”

“आणि तुम्ही हेच पाणी पिता?” अमृतानं विचारलं.

गोविंदरावांनी दोन्ही हात पुढं केले. ते लटपटत होते. तिनं नजर वळवली.

“पोटात बाळ आहे हे माहीत असून लोखंडी म्हणालात,” ती विकासला म्हणाली.

“देवाशप्पथ, मॅडम, मला...”

“लाज वाटायला हवी तुम्हाला. आईवडिलांना तरी इथं कसं ठेवलंत?”

विकासचा चेहरा काळवंडला. सुशीलाबाई पदराला हात पुसत दाराशी आल्या. “अगं, तुझा चहा राहिला.”

“त्याच पाण्याचा ना?” अमृता म्हणाली. सुशीलाबाई कप उचलायला आत गेल्या.

विकास तडक निघून गेला. त्याची गाडी धूळ उडवत गल्लीबाहेर पडली. वरुण स्कूटरपाशी उभा होता.

“तुला कुठलंच घर चालणार नाही,” तो म्हणाला. “रस्त्यावर बाळंत हो.”

“शिसं पाजू बाळाला?”

त्यानं हेल्मेट चढवलं. तेवढ्यात तिला आठवलं, चुंबक पायरीवरच राहिलं. पुन्हा त्या माणसांसमोर जायची तिला इच्छा नव्हती, म्हणून ती घराच्या कडेच्या बोळातून मागं गेली. कोपऱ्याशी येताच थांबली.

गोविंदरावांनी पाइप दोन्ही हातांनी पकडला, जरासा हलवला आणि मुळा उपटावा तसा मातीतून वर काढला. भिंतीतलं टोकही अलगद सुटून आलं. त्यांचे हात जराही लटपटत नव्हते. स्वयंपाकघरात धार चालूच होती.

“पलंगाखाली ठेवा,” सुशीलाबाई खिडकीतून म्हणाल्या. “आणि रविवारी घर बघायला येणारे काय शिकलेत?”

“शिक्षणाचं नाही विचारलं. देवभोळे आहेत,” असं म्हणून गोविंदराव मातीच्या घमेल्याकडं वळले.