कोवळं ऊन
मनालीच्या थंडीत चार महिन्यांच्या बाळाला न्यायचं नाही, आजीजवळ ठेवायचं, हे ठरलं. "सहा दिवस नातू तुह्या ताब्यात! रोज कीर्तन ऐकव त्याले," भूपेशनं आईला चिडवलं. प्रणालीनं डोळे पुसत दुधाची बाटली सासूबाईंपुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही. "मी नाही ठेवत याले." "काहून वं आई?" "काल तुम्ही सदरच्या बाजारात स्वेटर घ्याले गेल्यावर मालिश करून याले गच्चीवर कोवळ्या उन्हात झोपवलं अन् खाली येऊन कीर्तन लावलं. वरून रडणं ऐकू आलं, तं मले वाटलं शेजारचं लेकरू आहे. बारा वाजता दोरीवरचं झबलं दिसलं, तेव्हा आठवलं, आपल्याच घरात बाळ आहे." प्रणालीचा हात बाळाच्या लालसर गालावर थबकला. सासूबाई कशाबशा म्हणाल्या, "याले घेऊन जा. अन् मलेही एकटीले ठेवू नका."