डावीकडे ओढणारी करवत

तिसरी करवतही डावीकडेच गेली.

एल्विनने अक्रोडाची फळी उजेडात धरली. पेन्सिलीची रेघ एकीकडे, काप भलतीकडेच. त्याला घाम फुटला. अख्ख्या लँकेस्टरमध्ये त्याच्या ड्रॉवरच्या सांध्यांचं नाव होतं. ते सांधेच बसेनासे झाले, तर या म्हाताऱ्याकडे कोण कशाला येईल?

पहिल्या दोन करवती ओढू लागल्या, तेव्हा त्याने दात्यांना धार लावायच्या आपल्याच कानशीला दोष दिला होता. म्हणून ही तिसरी लिलावातून आणली. पणजोबांच्या काळातली, पितळी पाठीची, दाते कसे एकसारखे. तिनेही तोच हेका धरावा? करणी वगैरे त्याने कधी मानली नव्हती. आता मात्र त्या तिघींकडे पाठ करून बसायला त्याला नको वाटे.

उपाय काही नवा नव्हता. करवत ज्या बाजूला ओढते, त्या बाजूला झुकलेले दाते दगडावर हलकेच घासायचे. त्याने घासले. कापून पाहिलं. पुन्हा घासले. शनिवारी दुपारी तिन्ही करवती रेघेवरून सुतासारख्या सरळ गेल्या, तेव्हा आनंदाच्या भरात त्याने एनॉसला फोनच केला.

एनॉस त्याचा जुना दोस्त, तोही सुतारच. लिलावात ती तिसरी करवत थोडक्यात त्याच्या हातून गेली होती. तासाभरात तो एल्विनच्या दारात हजर झाला.

"काय लेका, माझी पळवलेली नवरी नांदतेय का नीट?"

"कापून बघ. आणि जळत बस."

एनॉसने बाह्या सारल्या. काप उजवीकडे गेला.

"अरे, पार वाकडं वळण लावलंस की हिला!"

"शक्यच नाही." एल्विनने शेजारीच दुसरा काप घेतला. सरळ.

एनॉसने दुसरी करवत उचलली. उजवीकडे. तिसरी. तीही उजवीकडे.

"आधी या तिन्ही डावीकडे ओढायच्या?"

"हो ना. डोकं फिरवलं होतं मेल्यांनी."

एनॉसचं हसू मावळलं. तो आता करवतींकडे पाहतच नव्हता; त्याच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा डॉक्टरांनी करून घेतलेली परीक्षा त्याला आठवली.

"एल्विन, डोळे मीट. दोन्ही हात पुढे धर, खांद्याइतके वर."

"हा काय पोरखेळ?"

"धर म्हणतो ना!"

एल्विनने हसत डोळे मिटले आणि हात धरले. त्याचा उजवा हात सावकाश खाली येऊ लागला.

"वर धर," एनॉसचा आवाज फाटला. "दोन्ही वर धर रे."

"धरलेत की दोन्ही," एल्विन म्हणाला.