माणसाच्या मापाची पेटी

संपात पकडलेला श्रीरंग सुधारपेटीतून सुटून घरी आला, पण कालपासून त्याच्या पोटात कण नव्हता. चित्राहुती घातल्याशिवाय न जेवणारा हा माणूस आता ताटाची कड दाबत छताच्या दिव्याकडे बघत बसला होता.

"अहो, जेवा की. वांग्याशी भांडण झालंय का?" बायको हेमांगी म्हणाली.

प्रयोगशाळेतल्या पेटीत उंदराने कळ दाबली आणि दिवा लागला की त्याला दाणा मिळे. कोण्या दीडशहाण्याने तीच पेटी माणसाच्या मापाची केली आणि सरकारने संपकरी त्यात कोंबले.

भर दुपारी हेमांगीने उठून दिवा लावला. श्रीरंगने घास घेतला आणि पुन्हा वर पाहू लागला. तिने दिवा मालवून परत लावला.

दुसरा घास गिळून तो तिला म्हणाला, "उपकार झाले, साहेब."