कुंजराची भाजी

केशरबाईला कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टरीणबाई तिच्या मुलीला, पिंकीला म्हणाल्या, "तू तरी रानातल्या पालेभाज्या खात जा. हा आजार टाळायला थोडी मदत होऊ शकते."

पण कुंजर, तरोटा आता शिवारात दिसतच नव्हते. तणनाशकाचा पहिला डबा गावात केशरबाईच्या नवऱ्यानंच, पुंजाजीनं आणला होता.

आज त्यानंच कुठून तरी ओंजळभर कुंजर खुडून आणलं. भाजीचा पहिला घास खाऊन केशरबाई कितीतरी दिवसांनी हसली.

"कुठं भेटली हो?"

"भेटली एका जागी."

"मंग पिंकीले ते जागा दाखवून ठेवजा."

गावात फवारा न पोहोचलेली एकच जागा उरली होती. मसणवटा.